धनाजीचं सोवळं

नागपंचमीच्या दिवशी शिराळ्यात घरी बसलेला पुरुष शोधूनही सापडायचा नाही. म्हातारेकोतारेसुद्धा काठी टेकत मिरवणुकीला जातात, तरण्या पोरांची तर गोष्टच सोडा. पण त्या दिवशी गावाबाहेरच्या वस्तीवर एक पुरुष घरी होता, आणि तोही दाराला आतून कडी घालून. धनाजी त्याचं नाव. चाळिशीला टेकलेला, अंगानं दणकट. नाग धरण्यात एके काळी पंचक्रोशीत त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. आता हाच गडी भरदुपारी कॉटवर पाय वर घेऊन बसला होता, कारण पाय खाली सोडायची त्याला भीती वाटत होती.

गावाकडून ढोलांचा आवाज येत होता. मधूनच पावसाची सर येऊन पत्र्यावर वाजायची आणि आवाज बुडायचा. धनाजी डोळे मिटून प्रार्थना करत होता, पण प्रार्थनेत सारखा खंड पडत होता, कारण दर दोन वाक्यांनी तो डोळे उघडून कॉटखाली बघत होता.

कोर्टानं बंदी आणायच्या आधीची गोष्ट. पंचमीच्या अगोदर मंडळांची पोरं रानोमाळ फिरून जिवंत नाग धरायची, मडक्यात ठेवायची. पंचमीला त्यांची पूजा व्हायची आणि मग ज्या बांधावरून नाग आणला त्याच बांधावर नेऊन सोडायचा. धनाजीनं मिसरूड फुटल्यापासून हे काम केलं. जाणत्या माणसांनी त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, शेपटी कशी धरायची. दुसरी, त्या दिवसांत सोवळं कसं पाळायचं. मटण नाही, बायकोचं अंथरूण नाही, परक्या घरचं पाणी नाही. अंग शुद्ध असेल तर देवी राखते. शुद्ध नसेल तर नाग ओळखतो, आणि ज्याला ओळखलं त्याला सोडत नाही. धनाजीला कधीच नाग डसला नाही, त्यामुळं ही दुसरी गोष्ट त्याच्या हाडांत जाऊन बसली.

पुढं त्याचं लग्न पल्लवीशी झालं. पल्लवी सांगलीची, जन्माची ख्रिस्ती, मिरजेत नर्सिंग शिकलेली. इस्लामपूरच्या एका दवाखान्यात ती कामाला होती आणि धनाजी तिथं एका पेशंटला घेऊन गेला होता, एवढी ओळख पुरली. सुरुवातीला घरात थोडी आदळआपट झाली, पण धनाजीच्या आईनं, अंबूबाईनं, सून पसंत केली आणि विषय मिटला. पल्लवीनं नवऱ्याला कधी चर्चला ओढलं नाही. तोच आपणहून तिला गाडीवर सोडायला जायचा, मग बाहेर थांबायचा, मग शेवटच्या बाकावर बसायला लागला. तिथले पाळक, जयराज पाळक, साधं बोलायचे. देव पवित्र आहे आणि तरीही तो माणसाच्या जवळ येतो, हे त्यांचं वाक्य धनाजीला भिडलं. गेल्याच्या गेल्या नाताळात त्यानं बाप्तिस्मा घेतला. नागाची मडकी फोडली, काठी मोरणा नदीत सोडली. देव पवित्र आहे, हा अर्धा भाग धनाजीनं गच्च धरून ठेवला. दुसरा अर्धा त्याच्या हातून वाटेतच कुठंतरी सांडला.

मग एक दिवस उसाला पाणी पाजताना एक जनावर त्याच्या पायावरून गेलं. नाग होता की धामण, हेही त्यानं बघितलं नाही. खोरं टाकून तो जो पळाला तो थेट बांधावर येऊन थांबला, आणि तिथं त्याला कळलं की आपल्याला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? जुन्या देवीची राखण आपणच सोडली, आणि नव्या देवाची राखण अजून लागली नाही, असा त्यानं मनाशी हिशेब केला. का लागली नाही? तर आपण अजून पुरते शुद्ध नाही म्हणून. म्हाताऱ्यांनी नागासाठी शिकवलेला नियम त्यानं जसाच्या तसा उचलला आणि येशूच्या गळ्यात अडकवला.

तेव्हापासून धनाजीचं सोवळं सुरू झालं. घराची बिळं त्यानं सिमेंटनं बुजवली आणि आयुष्याचीही बुजवायला घेतली. प्रसाद बंद. लग्नात अक्षता टाकणं बंद. पुढं पुढं तर हाकेच्या अंतरावर असलेल्या थोरल्या भावाच्या, लालासाहेबाच्या, घरात पाऊल टाकणंही बंद, कारण आईच्या खोलीत देव्हारा होता. चर्चच्या मंडळीतले लोक म्हणायचे, धनाजीभाऊंचा विश्वास फार कडक आहे. पल्लवी मात्र हसायची.

"अहो, आमच्या पणजोबांपासून आम्ही ख्रिस्ती," ती म्हणायची, "असलं सोवळं आमच्या घरात कुणी पाळलं नाही. हे तुम्ही कुठनं आणलंत?"

ती स्वतः सासूच्या खोलीत खुशाल जायची, तिच्या डोक्याला तेल लावायची, जावेच्या हातचं जेवायची. धनाजीला वाटायचं, हिला जन्मापासून मिळालंय, हिला काय कळणार धाक. त्याला खरंच वाटायचं की एक पाऊल चुकलं की आभाळातून हात सुटणार.

गेल्या पंचमीची गोष्ट तर त्याला आठवायलाही नको वाटायची. त्या दिवशी काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून घरोघरी पुरणाची दिंडं उकडतात. अंबूबाई दिंडांचं ताट पदराखाली झाकून चिखलातून त्याच्या दारात आली होती. दारात पाव्हणे बसले होते. ती म्हणाली, "धना, ह्ये—" आणि धनाजीनं तिला पुढं बोलूच दिलं नाही. "निवदाचं मला चालत न्हाई, आय," तो सगळ्यांदेखत म्हणाला, आणि दोन पावलं मागं सरला, जसं काही ताट भाजत होतं. म्हातारीनं ताट पायरीवर ठेवलं आणि ती परत गेली. धनाजीनं ती दिंडं म्हशीला घातली. त्या दिवसापासून अंबूबाई त्याच्याशी बोलली नव्हती. या उन्हाळ्यात ती मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिनं अंथरूण धरलं, तरी बोलली नाही. धनाजी रोज अंगणापर्यंत जायचा, वहिनीला विचारायचा आणि अंगणातूनच परत फिरायचा. घरी येऊन आईसाठी गुडघ्यावर बसायचा. यालाच पवित्र राहणं म्हणतात अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती, पण रात्री झोप मात्र लागत नव्हती.

तर असा हा धनाजी कॉटवर पाय घेऊन बसलेला, पल्लवी दवाखान्यात कामावर गेलेली, आणि दारावर धाडधाड थापा पडल्या.

"भावजी. आवं भावजी, दार उघडा."

संयोगिता वहिनी होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, पायांत चप्पल नाही, तोंड पांढरंफटक.

"आत्तींच्या खाटंवर नाग बसलाय."

धनाजीला शब्द ऐकू आले, पण ते आत उतरायला वेळ लागला.

"शेकायची पिशवी भरून द्यावी म्हणून खोलीत ग्येले," वहिनी धापा टाकत सांगत होती, "तर आत्ती डोळ्यांनी खुनावत्यात. बगते तर पायथ्याला गोधडीवर, त्या गरम पिशवीला इळखा घालून बसलाय. ह्यांना फोन लावला, उचलत न्हाईत, मिरवनुकीत कुठं ऐकाय जातंय. वस्तीवर एक गडीमानूस न्हाई. तुमीच हाय."

वस्तीवर पुरुष म्हणून तो एकटाच उरला होता, आणि तो उरला होता तो या दिवशी नागाचं तोंडही बघायला नको म्हणून. धनाजीला कुणीतरी मुद्दाम कोपऱ्यात गाठल्यासारखं झालं. बाकी कुठलाही दिवस असता तर एक वेळ गोष्ट निराळी. पण पंचमीच्या दिवशी, देव्हाऱ्याच्या खोलीत, हातानं नाग धरायचा? मग मडकी कशाला फोडली, बाप्तिस्म्याच्या पाण्यात कशाला उतरलो? आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी खरं कारण खाली होतंच. त्याचे पाय थरथरत होते.

"सर्पमित्राला फोन करूया," तो म्हणाला.

"क्येला. गावात हाय म्हनला. गर्दीतनं गाडी निघायची न्हाई, तास तरी लागंल म्हनला."

"वनखात्याची मानसं—"

"ती बी तितंच."

धनाजीनं खिशातून फोन काढला आणि जयराज पाळकांचा नंबर लावला. फोन लागेना. जत्रेच्या गर्दीनं नेटवर्क जाम झालेलं. त्यानं परत लावला. परत तेच. तिसऱ्यांदा लावताना त्याच्या लक्षात आलं की वहिनी आपल्याकडं बघतेय.

"कुनाला लावताय?"

"पाळकांना. इचारतो जरा."

"काय इचारताय?"

धनाजीनं फोन परत कानाला लावला. वहिनी रागावली नाही, रडलीही नाही. ती नुसती म्हणाली, "भावजी, आय हाय ती तुमची," आणि वळून परत घराकडं पळत सुटली. एकटी, अनवाणी, त्या खोलीकडं.

मागच्याच महिन्यात धनाजीनं मंडळीत उभं राहून चार शब्द सांगितले होते. येशूनं सांगितलेल्या गोष्टीत वाटेत पडलेल्या जखमी माणसाला बघून जे दोन धार्मिक लोक पलीकडच्या कडेनं निघून गेले, त्यांच्यावर त्यानं चांगलं तोंडसुख घेतलं होतं. लोकांनी मानाही डोलावल्या होत्या. आता हातात फोन धरून तो दारात उभा होता आणि त्याला ते दोघं आठवले. त्यांनाही बहुतेक कुणालातरी विचारायचं असणार, असं त्याला वाटलं. त्यानं फोन खिशात टाकला आणि तो निघाला. धावत नाही. चालतच. पाय धावण्याच्या कामाचे राहिले नव्हते.

भावाच्या ओसरीवर डेअरीची रिकामी किटली पालथी घातलेली होती, अॅल्युमिनियमची, झाकणाची. ती त्यानं घेतली. गोठ्यातली एक काठी घेतली. दोरीवरचा टॉवेल ओढला. वहिनी दाराशी उभी होती. खोलीच्या उंबऱ्याशी येऊन धनाजी थबकला. वर्षभरात हा उंबरा त्यानं ओलांडला नव्हता. आत उदबत्तीचा वास होता, भिंतीवर चंदनानं काढलेला नाग, खाली लाह्या आणि दुधाची वाटी. आणि खाटेवर आई.

अंबूबाई इतकी लहान झाली असेल असं त्याला वाटलं नव्हतं. अंगणातून रोज विचारपूस करणाऱ्याला हे दिसणार तरी कसं? ती उताणी पडली होती, मोडका पाय उशीवर सरळ ठेवलेला. त्या पायाच्या तळव्यापासून वीतभर अंतरावर गोधडीच्या घडीत रबरी पिशवी होती आणि पिशवीवर नाग. काळपट, जाड, चांगला वाढलेला. धनाजीची चाहूल लागताच त्यानं डोकं उचललं आणि फणा काढला.

म्हातारीनं तोंडातून आवाज काढला नाही. तिचे डोळे नागावर नव्हते, ते दारातल्या लेकावर होते. शिराळ्यात जन्म गेलेली बाई ती, हलायचं नाही एवढं तिला कळत होतं. पण तिची हनुवटी थरथरत होती, आणि हनुवटीबरोबर पाय थरथरला तर काय होईल हे धनाजीलाही कळत होतं. चावला तर दवाखान्याची वाट मिरवणुकीतून जात होती. म्हणजे वाट नव्हतीच.

"देवा," धनाजी पुटपुटला, "मला शुद्ध ठेव." अगदी सवयीनं हेच शब्द तोंडात आले.

त्यानं किटली जमिनीवर आडवी ठेवली. टॉवेल डाव्या हातात, काठी उजव्या. त्याचा बेत काय होता ते सांगायलाच हवं, कारण सगळी गडबड त्या बेतानंच केली. नागाला हात लावायचा नाही, असा तो बेत होता. टॉवेल टाकून झाकायचं, काठीनं ढकलत किटलीत घालायचं. म्हणजे आईही वाचेल आणि हातही विटाळणार नाही. ज्या माणसानं शेकड्यांनी नाग धरले त्याला कळायला हवं होतं की असं कधी होत नसतं. पण भ्यालेल्या माणसाला सोवळं नेहमी शहाणपणासारखंच दिसतं.

त्यानं टॉवेल टाकला. हात थरथरल्यामुळं तो अर्धवट पडला. नाग फूत्कारला आणि टॉवेलवर झेपावला. धनाजी मागं उडाला, पाठ देव्हाऱ्याला लागली, वरची पितळी घंटा खणखणत खाली आली. त्या आवाजानं नाग वळला. टॉवेलमधून निसटून तो उलट्या दिशेला सरकला, आईच्या नडगीवर चढला आणि तिच्या मोडक्या पायावर फणा काढून उभा राहिला. आता त्याचं तोंड आईच्या तोंडाकडं होतं.

दारातून वहिनीचा हुंदका आला आणि तिथंच दाबला गेला.

आईनं डोळे मिटले. तिच्या पापणीतून एक थेंब कानाकडं ओघळला. तेवढा थेंब हलतानासुद्धा धनाजीला भीती वाटली की नाग आता त्यावर झेपावेल.

आता एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. मंडळीत साक्ष देताना लोक सांगतात की अशा वेळी भीती पळून जाते, आतून शांती येते, हात स्थिर होतो. धनाजीचं तसं काही झालं नाही. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, गुडघे एकमेकांवर आपटत होते. कुठूनही आवाज आला नाही. फक्त एवढंच झालं की आतापर्यंत तो स्वतःच्या हाताकडं बघत होता, तो आता आईच्या पायाकडं बघायला लागला. पाळकांच्या वाक्याचा सांडलेला अर्धा भाग त्या क्षणी त्याच्या पायाशी येऊन पडला. देव पवित्र असून जवळ आला. लांब उभा राहिला नाही.

धनाजीनं काठी हळूच भिंतीला टेकवली. आपल्याला जायचं तर असंच जावं लागणार, थरथरत, हे त्याला कळलं. "एवढी वाचव," तो मनात म्हणाला. स्वतःच्या शुद्धतेचं त्यानं या वेळी नावही काढलं नाही.

तो खाटेजवळ सरकला आणि त्यानं आपला उघडा डावा हात आईच्या तोंडापुढं, नागाच्या आणि तिच्या मधे, धरला. बोटं हलवली. नागाची नजर हलत्या गोष्टीवर जाते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. नागानं फणा वळवला आणि तो हात बघायला लागला. धनाजीनं हात बाजूला नेला, अगदी सावकाश. फणा हाताबरोबर वळला. आईच्या तोंडापासून दूर, पायापासून दूर, भिंतीकडं. हात थरथरतच होता, आणि गंमत म्हणजे त्या थरथरीमुळंच नाग त्याच्यावरून नजर काढत नव्हता.

मग उजव्या हातानं त्यानं गोधडीवरची शेपटी चिमटीत धरली. गार, कोरडी, जिवंत. तिला हात लागताच त्याच्या सर्वांगावर काटा आला. नाग झेपावला, पण धनाजीनं डावा हात मागं घेतला होता आणि त्याच हिसक्यात नाग खाटेवरून वर उचलला होता. उरलेलं सगळं हातांनी केलं. डोकं खाली, शेपटी वर, किटलीचं तोंड काळोखं. नाग त्या काळोखात डोकं घालून आत आत सरकत गेला. "झाकण," धनाजी म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. वहिनी रडत रडत पुढं आली आणि तिनं झाकण दाबून बसवलं.

खोलीत फक्त किटलीच्या आतली घसटण ऐकू येत होती. वहिनीनं किटलीला हात जोडले. धनाजीनं तिकडं पाहिलं नाही, पण मनात तिला नावंही ठेवली नाहीत.

किटली दोरीनं बांधून तो ओढ्यापर्यंत गेला. करंजाच्या झुडपांत झाकण काढून किटली आडवी केली आणि लांब उभा राहिला. नाग बाहेर आला, थोडा थांबला आणि गवतात गेला. मग धनाजी तिथंच चिखलात बसला, कारण त्याला उभं राहवेना. उलटी झाली. ओढ्याच्या पाण्यानं त्यानं तोंड धुतलं. आपण पाप केलं की नाही, असा विचार करायचा त्यानं प्रयत्न करून बघितला, पण डोळ्यांपुढं सारखी आईची हनुवटी येत होती. वर्षभर ती हनुवटी हाकेच्या अंतरावर होती आणि आपण अंगणातून माघारी फिरत होतो. नागापेक्षा याचीच त्याला आता जास्त भीती वाटली. आज नाग निघाला नसता तर? आपण असेच शुद्ध राहिलो असतो आणि ती एक दिवस गेली असती, आणि आपण अंगणात उभं राहून विचारलं असतं, कशी आहे म्हणून.

फोन वाजला. नेटवर्क कुठूनसं आलं होतं.

"धनाजीभाऊ, तुमचा फोन येऊन गेलेला दिसतोय," जयराज पाळक म्हणाले. "काही विचारायचं होतं का?"

"व्हय," धनाजी म्हणाला. मग चिखलातून उठत म्हणाला, "आता न्हाई, साहेब. आता आईकडं चाललोय."

तो परत आला तेव्हा वहिनीनं गोधडी बदलली होती आणि ती चुलीकडं गेली होती. उंबऱ्यावर तो या वेळी थांबला नाही. खाटेजवळ जमिनीवर बसला. आईच्या पायाला हात लावावा असं त्याला वाटलं, पण हात ओला होता.

अंबूबाई छताकडं बघत होती.

"भ्यालास व्हय रं?" ती म्हणाली. वर्षातले पहिले शब्द.

"व्हय, आय. लय भ्यालो."

"मला दिसलं. आदी कवा भीत न्हवतास." तिनं मान लेकाकडं वळवली. "तरी बी आलास."

त्यानं खाली मान घातली. म्हातारीनं हात लांब करून कोपऱ्यातल्या फडताळाकडं बोट केलं.

"तितं बग. खालच्या फळीवर."

खालच्या फळीवर एक ताटली होती, वर दुसरी पालथी घातलेली. धनाजीनं वरची उचलली. चार दिंडं होती, गार झालेली, तुपाचा थर पांढरा पडलेला. त्याचा हात ताटलीवरच थांबला. जुनी सवय आतून उठली, आणि त्याला वाटलं, आता हीसुद्धा परीक्षा. आईसाठी खावं की देवासाठी नाही म्हणावं. तो आईकडं बघत राहिला.

त्याच्या तोंडावरचं सगळं तिला वाचता आलं असणार.

"द्येवाला दावल्यालं न्हाई त्ये," ती म्हणाली. "निवद दावायच्या आदी काडून ठिवाय लावलंय संयोगिताला. तुला चालत न्हाई म्हनून."

धनाजी ताटली घेऊन खाटेजवळ येऊन बसला.

"गेल्या साली बी दावलं न्हवतं," अंबूबाई म्हणाली. "त्येच सांगाय तुज्या दारात आल्ते. तू बोलू दिलं न्हाईस."

गावातले ढोल अजून वाजत होते. धनाजीनं ताटली मांडीवर घेतली. म्हशीला घातलेली ती दिंडं त्याला दिसली, चिखलातून परत जाणारी पाठ दिसली. तो तोंड दाबून रडायला लागला. ज्या पावित्र्यासाठी तो वर्षभर दार लावून बसला होता, ते आईनं पदराखाली झाकून त्याच्या दारापर्यंत आणून दिलं होतं.

"रडतोस काय," म्हातारी म्हणाली. "नाग धरल्याला हात हाय, धू आदी. मग खा."

धनाजी उठला आणि मोरीकडं हात धुवायला गेला.